अडलेल्या शब्दासाठी जागा

एका न्यायाधीशांचे आमच्या घरावर मोठे उपकार आहेत. ते कोण, कुठले, मला ठाऊक नाही. कुठल्याशा खटल्यात ते एवढंच म्हणाले होते की, अंदाजाने उगवलेलं चित्र हा पुरावा होऊ शकत नाही. त्या एका वाक्यामुळे जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्क बनवणं पूर्ण बंद झालं नाही, आणि त्यातल्या दोन भुसावळला आमच्या धान्याच्या कोठीत येऊन बसल्या. देव त्या माणसाचं भलं करो.

मी मयूरी फिरके. माझा केळीच्या वेफर्सचा छोटा कारखाना आहे. उकळत्या तेलाच्या कढईसमोर मी दिवसभर उभी राहते, पण कम्प्युटरचं झाकण उघडलेलं पाहिलं की दोन पावलं मागे सरते. असं असूनही मदरबोर्ड, मेमरी, पॉवर सप्लाय असले शब्द मी आता मीठ-मिरचीसारखे वापरते. हे सगळं बाबांमुळे झालं.

बाबा, म्हणजे मुरलीधर फिरके, शाळेत चित्रकला शिकवायचे. बोलताना ते अडखळत. कधी शब्दाचं पहिलंच अक्षर पुन्हा पुन्हा यायचं, कधी काहीच यायचं नाही. ओठ मिटलेले, मान जराशी कललेली आणि समोरचा माणूस घायकुतीला आलेला. आमच्या गावचे लोक मनाचे चांगले, मदत केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. भाजीवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत जो तो बाबांच्या तोंडात शब्द घालायचा. अडखळण्याचं बाबांना काही वाटत नसे, पण असा आयता शब्द ते कधीच घेत नसत.

"वां… वां…"

"वांगी का, सर?"

"ना… नाही."

"मग?"

"वां… वांगीच. प… पण मी म्हणेन."

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत होती. तबकात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं. 'क' हे बाबांचं सगळ्यात अवघड अक्षर आणि आईचं नाव कुमुदिनी! बाबांच्या आत्याने आधीच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, 'नाव आशा ठेव रे बापा, तोंड उघडलं की येतं.' बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि तांदळात लिहिलं, 'कुमुदिनी'. मग जन्मभर त्या नावाशी झटापट करत राहिले. घरात 'कु… कु…' ऐकू आलं की आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. पण 'ओ' द्यायची ती नाव पूर्ण झाल्यावरच. मी एकदा विचारलं, पहिल्याच अक्षराला ओ का देत नाहीस? ती म्हणाली, "त्यांनी घ्यायचं ठरवलंय ना नाव? मग घेऊ दे की."

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा गेले. आजार फार लांबला नाही, हाल झाले नाहीत. त्याबद्दलही मी देवाचे आभार मानते.

आता 'कोठार'बद्दल सांगायला हवं. घरोघरचे फोटो आणि व्हिडिओ ज्या ऑनलाइन सेवांकडे असतात, त्यांतलीच ही एक. जगभरच्या लोकांनी इतके व्हिडिओ साठवले की ते ठेवायला डिस्क पुरेनात आणि त्या डिस्क चालवायला वीज पुरेना. तेव्हा बीज-साठवणीचा शोध लागला. युक्ती अशी की, पूर्ण व्हिडिओ ठेवायचाच नाही. त्याचं फक्त बीज ठेवायचं: चेहरा असा, आवाज असा, बोलण्याचा मजकूर हा, प्रकाश डावीकडून. कुणी मागितलं की एक शिकवलेलं यंत्र त्या बीजापासून व्हिडिओ पुन्हा उगवून देतं. कोट्यवधी माणसं पाहून ते शिकलेलं असतं, त्यामुळे मधल्या गाळलेल्या जागा ते अंदाजाने भरतं. अंदाज इतका बेमालूम असतो की शंभर वेळा पाहिलं तरी संशय येऊ नये. हजार पोत्यांचा माल एका पोत्यात मावू लागला, सेवा फुकट झाली, आणि आपण सगळ्यांनी न वाचता 'मान्य आहे'वर बोट ठेवलं.

आता मी वेफर्सवाली आहे. वेफर्सवर पाणी शिंपडून केळं परत मिळत नाही, हे मला कळायला हवं होतं.

बाबा गेल्यावर बरेच दिवस आईने कुठलाच व्हिडिओ लावला नाही. मग एका दुपारी म्हणाली, "आमच्या लग्नाची पंगत लाव गं." मी टॅबलेटवर कोठारातून लावली. केळीच्या पानांची रांग, फेटे, नव्या नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवायचा आणि त्याआधी नाव घ्यायचं, हा सगळा गोंधळ. बाबा उभे राहिले, हसले आणि एका दमात म्हणाले, "वांग्याची भाजी, तुपाची बट्टी, कुमुदिनीशी जमली जन्माची गट्टी!" टाळ्या झाल्या.

आईने टॅबलेट पालथा ठेवला. "हा कोण?" तिने विचारलं.

मी दुसरे व्हिडिओ लावून पाहिले. बाबांचा निरोपसमारंभ, माझ्या धाकट्या भावाची, तुषारची मुंज, शाळेचं प्रदर्शन. सगळीकडे बाबा नभोवाणीवरच्या निवेदकासारखे घडाघडा बोलत होते. बीज काढताना यंत्राने अडखळणं हा ध्वनिमुद्रणातला दोष समजला होता. आवाजातली खरखर पुसावी तसं ते पुसून टाकलं होतं. मूळ व्हिडिओ तर कोठारवाल्यांनी नियमाप्रमाणे केव्हाच काढून टाकले होते.

तुषार हैदराबादला असतो. वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा दाखवायला तो बाबांवर एक फिल्म बनवत होता, ती याच उगवलेल्या व्हिडिओंची. मी फोनवर सांगितलं तर म्हणाला, "ताई, मला माहितीये ते. पण किती छान बोलतायत गं बाबा! जन्मभर लोक हसले त्यांना. एक दिवस तरी सगळ्यांना असे दिसू देत."

त्याच्या बोलण्यात प्रेमच होतं. आईने फोन घेतला. "तुषार, लोक हसले त्याचं त्यांना काही नव्हतं रे. मधेच कुणी शब्द पुरवला की वाईट वाटायचं. हे यंत्र तेच करतंय. आता तर ते नको म्हणायलाही नाहीत."

तुषार म्हणाला, "पण मूळ उरलंच नाहीये आई. आहे त्यावर भागवायला नको का?"

"दुधाची तहान ताकावर भागवायला हरकत नाही," आई म्हणाली, "पण हे ताकही दुसऱ्याच्या घरचं आहे."

मूळ उरलं होतं, बाबांच्या कृपेने. त्यांच्या रंगांच्या कपाटात, ब्रशांच्या मागे, हातरुमालात गुंडाळलेली एक जुनी हार्ड डिस्क सापडली. लग्नाची कॅसेट बुरशीने गेली, पण त्याआधी त्यांनी स्टुडिओतून ती फाइलमध्ये उतरवून घेतली होती आणि आमचं सगळं लहानपण त्याच डिस्कवर टाकलं होतं. रुमालावर त्यांच्याच अक्षरात 'हळू' असं लिहिलेलं होतं. मी ते पाहून रडले आणि लगेच केबल शोधायला धावले.

माझा हात धरला तो डिगंबरमामाने. आईचा हा मोठा भाऊ, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला. त्याने डिस्क कानाला लावून हलकेच हलवली, क्षणभर जोडली आणि लगेच काढली. आतून टक्-टक् असा आवाज आला होता.

"थकलीये ही," मामा म्हणाला. "अजून एकदा नीट चालंल, दोनदा चालंल, सांगता येत नाही. आधी माल ठेवायला जागा कर, मयुरे, मग गाडी आण फलाटावर."

"मग नवीन डिस्क आणते आजच."

"हाव, आण. पण कोणती आणशील?"

हा प्रश्न मला सोपा वाटला होता. जळगावला सगळ्यात मोठ्या दुकानात गेलो तर तिथला मुलगा उत्साहाने खोकी मांडू लागला. प्रत्येक खोक्यावर अवाढव्य आकडे होते. मामाने एकच विचारलं, "मी जे लिहीन तेच ही परत देईल का?" मुलगा हसून म्हणाला, "त्याहून चांगलं देईल, काका!" बीज-साठवण आता डिस्कच्या पोटातच घातलेली होती. डिस्क स्वतःच बीज करायची, स्वतःच उगवून द्यायची आणि जास्त जागा आहे म्हणून मिरवायची. घरी ठेवायला तयार मिळणारे सर्व्हर आणले तरी आत याच डिस्क. कोठारातून सुटून कोठारातच पडल्यासारखं झालं असतं.

परतताना मामाने मला त्याच्या आयुष्यभराच्या नोकरीचं सार सांगितलं. "सिग्नलची तार तुटली, वीज गेली, उंदरानं कुरतडलं, काहीही झालं तरी सिग्नल आपोआप लाल झाला पाहिजे. लाल झाला तर गाडी थांबते, लोक शिव्या देतात, पण घरी पोचतात. ज्याला माहीत नाही त्यानं हिरवा दाखवायचा नाही, बापा. अंदाजानं तर नाहीच नाही. आपल्याला तशी पेटी पाहिजे."

मला पहिल्यांदाच कळलं की आपण काय विकत घ्यायला निघालोय. जास्त साठवणारं यंत्र आम्हाला नको होतं. आम्हाला हवं होतं, माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणणारं यंत्र.

त्या न्यायाधीशांचे उपकार इथे कामाला आले. कोर्टात बीज चालत नाही, म्हणून पुराव्यासाठी खास डिस्क बनतात. जशी नोंद द्याल तशीच ती ठेवतात, वर एका अक्षराची भर नाही. महाग आहेत, वजनाला जड आहेत, आणि जागा त्या मानाने कमी. आम्ही दोन मागवल्या, मामाच्या हट्टाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. "एकाच घाण्यातल्या दोन असल्या की एकाच आठवड्यात मरतात," तो म्हणाला. हे मला पटलं. एकाच घाण्यातले वेफर्स एकाच दिवशी खवट होतात. दोन्हींवर तेच लिहायचं, म्हणजे एक गेली तर दुसरी आहे.

बाकीची पेटीही सुटे भाग आणून आम्हीच जुळवायची ठरली. मदरबोर्ड मिळाला एका एक्स-रे सेंटरमधला, बंद होताना विकायला काढलेला. जुना, पण त्यात चूक ओळखणारी मेमरी बसत होती. साध्या मेमरीत उष्णतेने किंवा उगाचच एखाद्या शून्याचा एक होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. ही मेमरी ते पकडते. प्रोसेसर मुद्दाम गरीब घेतला. तुषार हैदराबादहून उंटावरून शेळ्या हाकत होता, "ताई, जबरदस्त प्रोसेसर घे!" मामा म्हणाला, "राखणदाराला पैलवान कशाला पाहिजे? जागा राहणारा पाहिजे." पैसे वाचवले ते तिथे, आणि घातले पॉवर सप्लायमध्ये. आमच्याकडची वीज म्हणजे सासुरवाशिणीची झोप, कधी मोडेल नेम नाही. म्हणून चांगला यूपीएसही आला.

मग जागेचा प्रश्न. भुसावळचा मे महिना ज्याने भोगलाय त्याला सांगायला नको. कूलरजवळ ठेवावं तर ओल, गच्चीच्या खोलीत ठेवावं तर भट्टी. आई म्हणाली, "कोठीत ठेवा. उत्तरेची खोली आहे, माझी डाळ तिथे कधी खराब झाली नाही." तुरीच्या डाळीच्या पिंपाशेजारी पाट मांडला आणि त्यावर आमची पेटी बसली.

शेवटची गोष्ट प्रोग्रामची. प्रत्येक फाइल लिहिताना तो तिची एक बेरीज करून ठेवतो. वाचताना पुन्हा बेरीज करतो. जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत घेतो. तिचीही जुळली नाही तर फाइल देतच नाही, सरळ सांगतो की खराब झाली. मामाने याला जोडून पेटीवर दोन छोटे दिवे बसवले: सगळं ठीक तर हिरवा, काहीही बिघडलं, तापलं किंवा वाचता आलं नाही तर लाल. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर त्याच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिला नव्हता.

पहिल्यांदा चालू केलं आणि थोड्याच वेळात लाल लागला. मामाचा चेहरा पडला. डिस्क तपासल्या, वायरी तपासल्या. मग झाकण उघडलं तर पंख्याची जाळी लालभडक. घरात नवं यंत्र आलं म्हणून आईने पेटीला हळद-कुंकू वाहिलं होतं, तेही नेमकं हवा आत घेण्याच्या जागी, सढळ हाताने. पंख्याने सगळं कुंकू आत ओढलं, जाळी तुंबली आणि पेटी तापली.

"मग काय नुसतीच चालू करायची?" आई उलट आम्हालाच म्हणाली.

मामा हसता हसता खाली बसला. "पण लाल लागला ना! तापली तेव्हा खरं बोलली. चांगली पेटी आहे, ताई." तो लहान बहिणीला प्रेमाने ताईच म्हणतो. रंगाच्या मऊ ब्रशने, बाबांच्याच, आम्ही जाळी साफ केली. झाकणावर मात्र एक बोट कुंकू राहू दिलं.

तुषार वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आला. ऊन चढायच्या आत, सकाळी सकाळी, मामाने थकलेली डिस्क रुमालातून काढून पेटीला जोडली. पद्धत ठरली होती. जे सहज वाचता येईल ते आधी सगळं उचलायचं, अडेल ते मागे ठेवायचं. पडद्यावर फाइली उतरू लागल्या. मुंज आली, प्रदर्शन आलं, निरोपसमारंभ आला. डिस्क मधेच टक्-टक् करायची आणि पुन्हा चालू लागायची. आई डाळीच्या पिंपाला टेकून बसली होती.

शेवटी एकच तुकडा राहिला. अख्ख्या डिस्कवरचा नेमका तोच, लग्नाच्या पंगतीतला. लाल दिवा लागला आणि पडद्यावर प्रश्न आला: 'हा भाग वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करावा की रिकामा सोडावा?'

डिस्कचा आवाज बदलला होता. टक्. टक्-टक्. शांतता. टक्.

तुषार हळूच म्हणाला, "मामा, ती मरेल अशाने. बाकी सगळं मिळालंय. एवढा एक तुकडा कोठारातला जोडू. पाच सेकंदांचा असेल. कुणाला कळणारही नाही."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मीसुद्धा, खरं सांगते, मनातून 'जोडा' म्हणायलाच निघाले होते. ती टकटक मला ऐकवत नव्हती.

"थांबा," आई म्हणाली. ती उठून पेटीसमोर येऊन उभी राहिली, ओले नसलेले हात पदराला पुसत. "कुणी मधे बोलू नका. त्यांचं व्हायचंय अजून."

मामाने 'पुन्हा प्रयत्न'वर बोट ठेवलं.

किती वेळ गेला मी मोजलं नाही. डिस्क एकाच जागी पुन्हा पुन्हा सुरू करत होती. टक्. टक्-टक्. मग काहीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. तुषारची नजर डिस्ककडे नव्हती, आईकडे होती. आईच्या चेहऱ्यावर घाई नव्हती, काळजीही नव्हती. दारात येऊन उभी राहायची ना, अगदी तशी उभी होती. तुषारने माझा हात धरला. तो लहानपणी धरायचा तसा, करंगळीत करंगळी अडकवून.

लाल दिवा विझला. हिरवा लागला.

मामाने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि उगाचच पुसला. मी पंगत लावली.

तीच केळीची पानं, तेच फेटे, पण रंग मळके आणि आवाजाला खरखर. बाबा उभे राहिले. "वां… वांग्याची भा… भाजी, तु… तुपाची बट्टी." इथवर येऊनच त्यांना घाम फुटला होता. "कु…" मान कलली. "कु… कु…" पंगतीत कुणीतरी हसलं. कुणीतरी ओरडलं, "कुमुदिनी, कुमुदिनी! म्हण ना!" बाबांनी त्या दिशेला हात केला, राहू दे म्हणून. कॅमेरा हलून नवरीवर गेला. बावीस वर्षांची माझी आई, हातात घास धरून, तोंड वर करून त्यांच्याकडे बघत होती. सगळी पंगत चुळबुळत होती आणि ती एकटी निवांत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"कु… कुमुदिनीशी ज… जमली…"

पुढचं आम्हाला ऐकूच आलं नाही. तुषार लहान मुलासारखा हुंदके देत होता. "मी… मी ती फिल्म नाही दाखवणार, आई," एवढंच तो म्हणू शकला, आणि तेही त्याला सलग म्हणता आलं नाही. आई त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबली. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "ही दाखव. हीच दाखव सगळ्यांना."

त्या दुपारी जुनी डिस्क पुन्हा लावून पाहिली तर ती चालली नाही. तिने एकदाच, शेवटचं, नीट सांगितलं होतं. मामाने ती परत त्याच रुमालात गुंडाळली. मी तिला मनातून नमस्कार केला. त्या न्यायाधीशांना, एक्स-रे सेंटरवाल्यांना, कोठीच्या थंड भिंतींना, आणि 'हळू' लिहून ठेवणाऱ्या माझ्या बाबांना, सगळ्यांनाच केला.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाचं जेवण झाल्यावर पाहुणे बैठकीत जमले आणि तुषारने पंगत लावली. आई आत वाढपाची भांडी आवरत होती. 'कु… कु…' ऐकू आलं तशी ती हातातलं पातेलं खाली ठेवून दारात येऊन उभी राहिली. पाहुण्यांपैकी कुणीही मधे बोललं नाही. तिकडे नाव पूर्ण झालं.

"ओ," आई म्हणाली.